बाबांच्या नावाला संदर्भ नाही

आधी एक कबूल करा. मी सांगत असताना मध्ये कुणी हसायचं नाही. शेवटी हसा पाहिजे तर, पण तोवर तुमचंच हसू मावळलेलं असेल असं मला वाटतं. मी जो घोळ घालून ठेवला, तसा घोळ घालायला माणूस निदान आगाऊ तरी असावं लागतं. मी तर वर्गात 'हजर' म्हणते तेसुद्धा मॅडमपर्यंत पोचत नाही. माझ्या बाकावरची रुखसार माझ्या वतीनं ओरडते, "मॅडम, वैशाली आलीय!" आता अशा मुलीनं भर सभेत स्वतःच्या बापाची फजिती कशी केली? ऐका.

आमची शाळा जवळा बाजारला. गाव तिथून थोडं आत, ऑटोनं जायचं. दहावीला मराठी शिकवणाऱ्या मॅडमनी एक दिवस वर्गात एका लेखाच्या झेरॉक्स वाटल्या. लेखाचं नाव 'कुणीही यावे, काहीही लिहावे!' विषय इंटरनेटवरचे ज्ञानकोश. म्हणजे ज्यात जगातल्या प्रत्येक गोष्टीचं पान असतं आणि ते पान तुमच्या-आमच्यासारखं कुणीही बदलू शकतं, ते. लेखक फार चिडलेले होते. ज्ञानकोश म्हणजे चौकातली भिंत, येणारा-जाणारा काहीही खरडून जातो आणि लोक तेच खरं मानतात, असं त्यांचं म्हणणं.

मॅडम म्हणाल्या, "लेख वाचला की पटतो. पण कशाच्या जोरावर पटतो, ते तुम्ही शोधायचं. दावा कोणता, पुरावा कोणता, भावनेला हात घालणारे शब्द कोणते, विरुद्ध बाजू काय आणि शेवटी तुमचं मत. ज्याचं विश्लेषण सगळ्यात चांगलं, तो पालकसभेत स्वतः वाचून दाखवेल."

शेवटचं वाक्य ऐकताच मी रुखसारच्या आड सरकले. मग मी स्वतःची समजूत घातली. आपलं कशाला निवडतील? आपण आपलं नीट लिहावं.

इथंच चुकलं. मी नीट लिहिलं.

खरं सांगू का, मला ते काम आवडलं. बोलायचं नव्हतं, नुसतं बघायचं होतं. मी पेन्सिल घेऊन लेखाच्या मागं लागले. 'सर्वांनाच ठाऊक आहे' असं लेखक म्हणतात. सर्व म्हणजे कोण? 'कुठलाही सुज्ञ माणूस मान्य करील.' म्हणजे मी मान्य केलं नाही तर मी मूर्ख! ही तर धमकी झाली. चौकातली भिंत वाचायला छान वाटते, पण ती उपमा आहे, पुरावा नाही. चुका तशाच राहतात असं ते म्हणतात, पण त्यांनी एक तरी चूक करून पाहिली का? कुठंच लिहिलेलं नव्हतं.

मग मला वाटलं, आपणच करून पाहावं.

आईचा फोन घेतला आणि आमच्या गावाचं पान उघडलं. इतकं केविलवाणं पान मी पाहिलं नव्हतं. गाव अमुक तालुक्यात आहे, उन्हाळा कडक असतो, सोयाबीन आणि कापूस पिकतो. संपलं गाव! आता यात चुकीचं काय लिहायचं? 'आमच्या गावात समुद्र आहे' असं लिहावं? माझा हातच धजेना. मला खोटं लिहिता येत नाही, असं तेव्हा मला वाटत होतं.

म्हणून मी ठरवलं, खरंच काहीतरी लिहायचं, पण संदर्भ न देता, म्हणजे हे कुठून कळलं ते न सांगता. खाली मथळा दिला, 'प्रसिद्ध व्यक्ती'. त्याखाली लिहिलं, 'सुधाकर – मराठवाड्यातील प्रसिद्ध भीमगीत गायक.'

सुधाकर म्हणजे माझे बाबा.

आता थोडं बाबांविषयी. दिवसा शिलाई आणि कार्यक्रम असला की गायन, असं त्यांचं चालायचं. औंढ्याच्या बाजूनं, सेनगावच्या बाजूनं, जयंतीच्या दिवसांत त्यांच्या गायन पार्टीला रात्री पुरायच्या नाहीत म्हणे. मी दुसरीत असताना त्यांच्या घशात गाठ निघाली. नांदेडला ऑपरेशन झालं. गाठ गेली, आणि जाताना आवाज घेऊन गेली. आता ते बोलतात ते कापड फाडल्यासारखं ऐकू येतं. पार्टी मोडली. पेटी कपाटावर गेली. बाबा मशीनवर बसले ते बसलेच. लग्नाला जात नाहीत, जयंतीच्या मिरवणुकीला दारातूनच हात जोडतात, माझ्या शाळेत तर कधीच आलेले नाहीत.

मी ते नाव टाकलं आणि ते लगेच पानावर दिसू लागलं. कुणी विचारलं नाही, अडवलं नाही. मी वहीत नोंद केली, 'लेखकाचा पहिला दावा खरा. कुणीही लिहू शकतो.' आता बघायचं होतं की कुणी काढतंय का. बस, एवढाच प्रयोग!

पण आमच्या गल्लीत वामनकाका आहेत, हे मी विसरले होते. वामनकाका बाबांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे. त्यांनी नवीन फोन घेतला आहे आणि ते दिवसभर त्या फोनशी बोलत असतात. पाऊस विचारतात, कापसाचा भाव विचारतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी फोनला आमचं गाव विचारलं!

धावतच आले. "सुधाकर! अय सुधाकर! मशीन बंद कर पहिलं!"

"काहून?" बाबा मान वर न करता म्हणाले.

"इंटरनेटवर नाव आलंय तुहं! जगात दिसून राहिलं!"

"तुही मस्करी गेली न्हाई अजून."

"मस्करी? वहिनी, तुमी वाचा बरं," म्हणत काकांनी फोन आईच्या हातात दिला. आईनं वाचलं. दोनदा वाचलं. मग बाबांनी फोन घेतला, आणि मशीनच्या पायडलवरचा त्यांचा पाय थांबला.

"कोनं लिवलं आसंल?" त्यांनी हळूच विचारलं.

मी तिथंच भाजी निवडत होते. मला बोलता आलं असतं. 'मीच लिहिलं, शाळेच्या अभ्यासासाठी' एवढंच तर वाक्य. पण काका माझ्या आधी सुरू झाले. "आरं, कोन म्हंजे? जिंतूरच्या कार्यक्रमाला तो प्राध्यापक आलता ना, चष्म्यावाला! रडला व्हता बघ तुह्या गाण्याला. त्याचंच काम!"

"व्हय," बाबा म्हणाले. "त्यो डायरीत काहीतरी लिवत व्हता तवा."

आणि बाबा हसले. तुम्हीच सांगा, आता मी काय बोलणार होते? इतक्या वर्षांनी हसलेल्या माणसाला सांगायचं, 'तो प्राध्यापक नाही, मी आहे, आणि तुम्ही माझ्या प्रयोगातली चूक आहात'?

मी मेथी निवडत राहिले. काड्या भांड्यात आणि पानं केरात टाकली, असं नंतर आईनं सांगितलं.

पुढचं सगळं वाढतच गेलं. काकांनी त्या पानाचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. गल्लीनं पाहिला, मग गावानं. काकांनी जवळा बाजारच्या झेरॉक्सवाल्याकडून त्याची रंगीत प्रत काढून, लॅमिनेशन करून आणली आणि बाबांच्या मशीनच्या वर खिळा ठोकला. गिऱ्हाईक माप द्यायला आलं की बाबा टेप त्याच्या छातीला लावून वर बघत उभे राहायचे, म्हणजे गिऱ्हाईकही वर बघायचं. एक दिवस पेटी कपाटावरून खाली आली. बाबा भात्यावरची धूळ पुसत होते. गल्लीतल्या पोरांना शिकवीन म्हणाले. आवाज नसला तरी बोटं आहेत की, म्हणाले.

आणि एक दिवस शाळेतून येऊन मी ज्ञानकोश उघडला, तर बाबा नव्हते.

परत तेवढंच गाव. तालुका, उन्हाळा, सोयाबीन. पानात कुणी काय बदललं ते दाखवणारं 'इतिहास' नावाचं वेगळं पान असतं, तिथं कुणीतरी कारण लिहिलं होतं, 'संदर्भ नाही. व्यक्तीची उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.'

मी ते वाक्य किती वेळ बघत होते कोण जाणे. एखाद्या माणसाला ओळखत नसताना त्याच्याविषयी इतकं स्वच्छ मराठी कसं लिहिता येतं?

दुसऱ्या दिवशी विश्लेषण द्यायचं होतं. आणि प्रयोगाचा निकाल तर लागला होता! मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'संदर्भ नसलेले एका गायकाचे नाव मी ज्ञानकोशात टाकले. ते काही दिवसांत काढण्यात आले. यावरून दिसते की, चुका तशाच राहतात हा लेखकाचा दुसरा दावा टिकत नाही. शिवाय प्रत्येक पानाचा इतिहास सर्वांना पाहता येतो. चौकातल्या भिंतीला असा इतिहास नसतो.' हे शेवटचं वाक्य सुचलं तेव्हा मला आनंदही झाला होता. लाज वाटते सांगायला.

बाबांचं नाव लिहिलं नाही. नुसतं 'एका गायकाचे.' मला वाटलं, मॅडमशिवाय कोण वाचणार?

वही दिली आणि मग मी बाबांना परत टाकायच्या मागं लागले. टाकलं की निघायचं. पुन्हा टाकलं, पुन्हा निघालं. शेवटी मी त्या काढणाऱ्या सदस्याला चर्चेच्या पानावर एक विनंतीपत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं, छापील संदर्भ द्या.

छापील! मी पलंगाखालची बाबांची पत्र्याची ट्रंक काढली. आत कार्यक्रमांची जुनी पत्रकं होती, गुलाबी, पिवळी.

"काय धुंडून राहिलीस गं?" आईनं विचारलं.

"काही नाही. शाळेचा प्रकल्प."

एकेक पत्रक वाचलं. उद्घाटक, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष उपस्थिती, निमंत्रक, स्वागतोत्सुक, शुभेच्छुक. कुणाचे काका, कुणाचे मेहुणे, मंडपवाला, साउंडवाला. आणि मध्ये एक ओळ, 'सायंकाळी भीमगीतांचा बहारदार कार्यक्रम.' कुणाचा? ते छापायला जागा उरली नव्हती. एका पत्रकाच्या तळाला बाल शुभेच्छुकांची नावं होती आणि त्यांत चक्क 'कु. वैशाली सुधाकर'! तेव्हा मी अंगणवाडीत असेन. म्हणजे त्या अख्ख्या ट्रंकेत छापील संदर्भ होता, पण माझा. बाबांचा नव्हता.

त्यातच मॅडमनी वर्गात सांगितलं, "सगळ्यात चांगलं विश्लेषण वैशालीचं. पालकसभेत तीच वाचेल."

रुखसारनं माझ्या पाठीत गुद्दा घातला. "अगं, बोल ना काहीतरी!"

मी मॅडमना नाही म्हणणार होते. पण नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं.

मला वाटलं, बाबा कुठं येतात शाळेत? आई येईल आणि तिला काही कळायचं नाही. पण रुखसारच्या अम्मीनं बाजारात आईला सांगितलं आणि आईनं बाबांना. सभेच्या दिवशी बाबांनी पांढरा सदरा इस्त्री करून घातला, गळ्याला मफलर गुंडाळला आणि माझ्या आधी ऑटोत जाऊन बसले. शेजारी वामनकाका.

पालक खाली सतरंजीवर बसले होते. बाबा दुसऱ्या रांगेत, ताठ. मी वाचायला उभी राहिले. कागद तोंडासमोर इतका वर धरला की रुखसारनं पुढं येऊन एक कोपरा धरून तो खाली केला. दावा वाचला. भावनेला हात घालणारे शब्द वाचले. लोक हसले, धमकीच्या मुद्द्याला तर चांगलेच हसले. मग मी सरळ 'माझे मत' वर उडी मारली.

"वैशाली, पुरावा राहिला," मॅडम म्हणाल्या. "तुझा प्रयोग! तेच तर महत्त्वाचं आहे."

वाचला. 'संदर्भ नसलेले एका गायकाचे नाव...' आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचला, तोही नेमका तेव्हा.

टाळ्या झाल्या. सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात बाबांनी वाजवल्या. आणि टाळ्या थांबल्यावर ते उभे राहिले. होय, माझे बाबा, लग्नालाही न जाणारे!

"मॅडम, जय भीम. पोरगी बराबर बोलली," ते त्यांच्या त्या फाटक्या आवाजात म्हणाले. सगळे कान देऊन ऐकू लागले. "असली खोटी नावं निघालीच पायजेत. खऱ्या मानसाचं ऱ्हातं. त्याच्यात मह्यंबी नाव हाय."

"खरंच?" मॅडम खूश झाल्या. "मग दाखवू या की सगळ्यांना!"

"दाखवा, दाखवा!" वामनकाका ओरडले.

वर्गात मोठा टीव्ही आहे. मॅडमनी गावाचं नाव टाईप केलं. पान उघडलं. तालुका. उन्हाळा. सोयाबीन.

"खाली आसंल," बाबा म्हणाले.

खाली काही नव्हतं.

"कुणी काढलं की काय?" मॅडम म्हणाल्या. "थांबा, इतिहास बघता येतो. वैशालीनंच लिहिलंय ना आत्ता!" आणि त्यांनी इतिहास उघडला.

मी ज्ञानकोशात खातं काढताना सदस्यनाव मागितलं होतं. खोटं नाव कशाला द्यायचं, म्हणून मी दिलं होतं 'वैशाली_सुधाकर_दहावी_ब'. ते आता टीव्हीवर वरपासून खालपर्यंत दिसत होतं. नाव टाकलं, वैशाली. काढलं. परत टाकलं, वैशाली. काढलं. प्रत्येक वेळी समोर तेच कारण, उल्लेखनीयता सिद्ध होत नाही.

एका पालकानं ते नाव मोठ्यानं वाचलं. मॅडमच्याही लक्षात आलं असावं, कारण त्या घाईघाईनं ते पान बंद करायला गेल्या आणि भलतीकडंच बोट लागून चर्चेचं पान उघडलं. त्यावर माझं पत्र. परीक्षेत लिहितो तसं, अगदी नमुन्याप्रमाणे.

'आदरणीय महोदय, सादर नमस्कार. सदर गायक खरोखर प्रसिद्ध आहेत. त्यांचे गायन मी स्वतः अनेक वेळा ऐकले आहे. माझा त्यांच्याशी कोणताही संबंध नाही. आपली आज्ञाधारक.'

"हाय अल्ला," रुखसार माझ्या कानाशी म्हणाली. तिनं अजून कागदाचा कोपरा धरलेलाच होता.

बाबांनी ते सावकाश वाचलं. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. मग ते खाली बसले. वामनकाकांनी फोन खिशात घातला.

सभा संपल्यावर काकांना बाजारात काहीतरी काम निघालं. काम नव्हतं, मला माहीत आहे. मी आणि बाबा ऑटोच्या थांब्याकडं चालत निघालो. बाजाराचा दिवस नव्हता. रस्ता रिकामा, दुकानदार फडकी झटकत बसलेले. बाबांनी मफलर काढून खांद्यावर टाकला होता.

"म्हंजे त्यो प्राध्यापक न्हवता," ते म्हणाले.

"नाही."

"संबंध न्हाई म्हनं."

मला रडू यायला लागलं. "नियम होता, बाबा. आपल्या माणसाबद्दल आपण लिहायचं नसतं तिथं."

"मंग कोन लिवनार? लोकाला काय पडलीय?"

 विश्लेषणात मी हा मुद्दा घेतलाच नव्हता. आणि आता तुम्हाला सांगते, दुसराही एक घेतला नव्हता. काढलेलं नाव खरं होतं, चूक नव्हतीच! मी सिद्ध काय केलं होतं मग? मॅडमनी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

थोडं पुढं गेल्यावर बाबांनी विचारलं, "आनि मला ऐकलंस ते कवा?"

"लहानपणी. कार्यक्रमात. आई न्यायची ना मला."

बाबा थांबले. माझ्याकडं नीट बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

"तू? आगं, तुही माय तुला वामनच्या मागं निजवायची. पहिलं गानं सुरू व्हायच्या आधी तू झोपायचीस ते टेम्पोत टाकूस्तोर. एवढी ढोलकी कानाशी, पन लेकरू ढिम्म हलत न्हवतं."

"मग घरी ऐकलं असेल."

"घरी कवा गायलो मी? घरी मशीन."

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, चालता चालता डोळे मिटून. सतरंजीचा वास आठवला. पाठीखाली धडधडणारी जमीन आठवली. आईचा पदर आठवला. गाणं आलंच नाही.

ऑटो दिसला तसा बाबांनी हात वर केला. "मंग त्या काढनाऱ्या मानसाचं काय चुकलं?" ते म्हणाले आणि सरकून मला आत जागा केली.

काय सांगू तुम्हाला! औंढ्यापासून सेनगावापर्यंत गावंच्या गावं बाबांचं गाणं ऐकून गेली, रडून गेली. त्यांतलं कुणी पुढं आलं नाही. आणि जगापुढं साक्ष द्यायला उभी राहिली, ती नेमकी झोपलेली!